उर्सुला वहिनीचे जर्मन वडे

प्रिय उर्सुला वहिनी,

आज सकाळी दादानं शिळं खाल्लं! फ्रिजमधून काढलेलं, गारढोण, आणि तेही मटण. चहाच्या कपाशेजारी बशी घेऊन बसला, एक संपवला, दुसरा संपवला आणि तिसऱ्याकडे बघत राहिला. ही बातमी मी सांगू तरी कुणाला? शेजारच्या काकूंना सांगितली तर म्हणतील, अहो शैलाताई, अशक्त माणसाला शिळं कशाला घातलंत! तुझी लेक गौरी तिकडे जर्मनीत अजून झोपेत असेल. शेवटी म्हटलं, ज्या बाईला याचा सगळ्यात जास्त आनंद झाला असता, तिलाच लिहावं.

तसं तुझ्या पत्रांचं उत्तर माझ्याकडून राहिलंच आहे. मी हरसूलच्या शाळेत शिकवायची तेव्हा तू मला इथून, इंदिरानगरहून, पत्रं लिहायचीस. नवं नवं शिकलेलं मराठी, गोल गोल अक्षर, आणि वरची रेघ तर चक्क पट्टीनं मारलेली! मी वर्गात पोरींना दाखवायची, बघा गं, परदेशातली बाई किती नीट लिहिते. पण उत्तर एकालाही दिलं नाही. रविवारी एसटीनं यायचंच आहे, कागद कशाला वाया घालवायचा, असं म्हणायची. आता रविवार आला काय आणि गेला काय, तू थोडीच भेटणार आहेस? म्हणून घे हे उत्तर. उशीर झालाय खरा.

आमच्याकडे थोरल्या वहिनीला अहोजाहो करतात. पण तू लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मला सांगितलंस, ‘शैला, तू मला तुम्ही म्हटलं की माझ्यामागं कोण उभं हाय ते बघते मी.’ तेव्हापासून तू ती तूच. बोलणं सगळं आईकडून शिकलीस, त्यामुळे गोरीपान बाई कळवणकडच्या शेतकरणीसारखी ‘लय’ आणि ‘नाय’ बोलायची. भाजीवाले तुझ्याकडे बघत राहायचे आणि मग दोन जुड्या जास्त द्यायचे. मला नाही कधी दिल्या!

दसरा झाला आणि तू गेलीस. संक्रांतही होऊन गेली. यंदा आपल्याकडे तिळगूळ नाही, तरी गल्लीतली पोरं आली दारात. मी त्यांच्या हातावर साखर ठेवली आणि दार लावून घेतलं.

तुझ्या दहाव्यानंतर मी इथेच राहिले. माझी पोरं आपापल्या संसारात, हे जाऊनही आता बरीच वर्षं झाली, मला कोण अडवणार? आणि दादाला एकटं ठेवायची माझी हिंमत नव्हती. रडला असता तर मला एवढी काळजी वाटली नसती, वहिनी. तो रडला नाही. तो फक्त खायचा थांबला.

म्हणजे अगदी उपास नाही. ताट समोर ठेवलं की एक घास घ्यायचा. मग ‘ठेव तिथं, नंतर बघतो.’ नंतर काही बघायचा नाही. मी काय काय केलं म्हणून सांगू! मुगाची खिचडी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, कळवणहून कोवळी वांगी आली त्याचं भरीत. भाकरी तर तव्यावरून थेट ताटात. तू ओळखतेसच मला, समोर बसून डोळे वटारून वाढणारी बाई. शाळेत अशीच पोरांना डबे संपवायला लावायची. पण सत्तरी ओलांडलेल्या भावाला काय छडी दाखवू? त्याचे सदरे अंगावर लोंबायला लागले. डॉक्टर म्हणाले, ‘तब्येतीत तसं काही नाही, खायला घाला.’ खायला घाला! जसं काही मी त्याला उपाशीच ठेवलं होतं.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. उद्या हा शब्दच त्याच्या बोलण्यातून गेला होता. उद्या केस कापून ये, म्हटलं तर ‘बघू.’ उद्या बँकेत जाऊ, तर ‘बघू.’ भिंतीवरचं कॅलेंडर तू गेलीस त्याच महिन्यावर होतं. मी पान उलटायला हात लावला तर म्हणाला, ‘राहू दे.’ मला भीती वाटायला लागली. खरंच सांगते, रोज सकाळी चहा घेऊन त्याच्या खोलीत जाताना माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

मग एका दुपारी बघते तर दादा फ्रिज उघडून उभा. ‘काय हवंय रे?’ ‘काही नाही.’ पण नजर मधल्या फळीवर. तिथं तुझं ते निळ्या काठाचं पांढरं भांडं असायचं ना, झाकण घातलेलं! आता तिथं मी दुधाचं पातेलं ठेवते. तो बघत राहिला आणि फ्रिज लावून निघून गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वडे! तुझे जर्मन वडे!

नाव त्याचं फ्रिकाडेलं की काय. तू सांगून सांगून दमलीस, पण आईनं पहिल्याच दिवशी ‘जर्मनचे वडे’ म्हटलं आणि तेच कायम झालं. गंमत म्हणजे तुझ्या नावाच्या बाबतीत आई नेमकी उलटी वागली. लग्नात ताटातल्या तांदळावर दादानं ‘उर्मिला’ लिहिलं होतं. आईनं तांदूळ हातानं सारखे केले आणि म्हणाली, ‘आईबापानं ठेवलेलं नाव हाय पोरीचं, ऱ्हाऊ दे.’ कारखान्यानं वर्षभर शिकायला पाठवलेला मुलगा परत येताना तिकडची बायको घेऊन येतो, हे त्या काळी आमच्या भावकीत पचणारं नव्हतंच. पण आईपुढे बोलणार कोण?

एकाच बाबतीत आई हलायची नाही, आणि ते म्हणजे स्वयंपाकघर. तिच्या गळ्यात माळ होती. मटण घरात आलेलं तिला चालायचं, पण ते मागच्या ओट्यावर, वेगळ्या स्टोव्हवर, वेगळ्या भांड्यांत. ती कधी त्या ओट्याकडे फिरकायची नाही. तो ओटा तुझा झाला. शनिवारी दुपारी तू तिथं बसायचीस, दादा शेजारी पाटावर, आणि तुमचं दोघांचं जर्मनमध्ये काहीतरी चालायचं. मला हे सगळं ऐकूनच माहीत. मी रविवारी यायची, तोवर वडे झालेले असायचे, आणि गार झालेले असायचे.

काय हसायचो आम्ही तुला! आमच्याकडे पाहुण्याला गार मटण वाढायचं म्हणजे नाव बदनाम. आणि तू मात्र कौतुकानं फ्रिजमधून भांडं काढून समोर ठेवायचीस. वर कैरीच्या लोणच्याचा खार. तिकडे मोहरीची चटणी लावतात म्हणे, आपल्या खारात मोहरीच मोहरी असते, तुला तेच आवडून गेलं. आम्ही वडे उचलायचो आणि सरळ तव्यावर टाकायचो, गरम करायला. तू दोन्ही हातांनी डोळे झाकून घ्यायचीस. ह्यांनी तर एकदा रश्श्यात बुडवले! तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

‘शैला,’ तू एकदा मला म्हणालीस, ‘तुम्ही शिळी भाकरी ताकात कुस्करून खाता, तवा मी काय बोलते का?’

‘भाकरीचं वेगळं असतं!’

‘काय वेगळं असतं?’

इतकी वर्षं झाली, मला उत्तर सापडलेलं नाही. आणि मी म्हणे शिक्षिका!

असो. तर मी ठरवलं, वडे करायचे. मटणाचा खिमा आणला. तिकडे कशाचा खिमा असतो ते तू आईला कधी सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. काही प्रश्न न विचारलेलेच बरे. कांदा, अंडं, पाण्यात भिजवलेला पाव, इतकं मला ठाऊक होतं. पण खिमा समोर आला आणि माझा हात आपोआप आल्या-लसणाच्या वाटणाकडे गेला. आलं-लसूण नाही तर मटणाला वास नाही का येणार? मग थोडी हिरवी मिरची. मग म्हटलं, कोथिंबीर तर हवीच. छान झाले होते, मी चव घेतली. दादानं एक तुकडा मोडला, वास घेतला.

‘हे कटलेट आहे,’ म्हणाला आणि बशी सरकवली.

पुन्हा केले. या वेळी मसाल्याच्या डब्याला शिवायचं नाही असं स्वतःला बजावलं. पण ते पडले तव्यात फुटून. दोष माझाच. तू म्हणायचीस ना, ‘तव्यात सोडलं की हात मागं घ्यायचा, त्याला एकटं ऱ्हाऊ द्यायचं.’ मला कुठे राहवतंय? उलथनं घेऊन सारखी बघतेय, झाला का, झाला का. शेवटी तो खिमा परतून भाजी केली आणि मीच खाल्ली.

मग गौरीला फोन लावला. तुझी लेक! जर्मनीत राहते आणि मांस सोडून बसलीय. म्हणे, ‘आत्या, मला कसं माहीत असणार? मी मसुराचे करते.’ मसुराचे! तुला कळलं असतं तर हसली असतीस की रागावली असतीस? पण पोरगी गुणाची. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं आणि मला सगळं सांगितलं. कांदा आधी थोड्या तेलावर मऊ करायचा. मिरपूड, चिमूटभर जायफळ. आणि पाव पाण्यात नाही, दुधात भिजवायचा.

‘दुधात?’ मी जवळजवळ ओरडलेच.

‘हो गं. इथं सगळे दुधातच भिजवतात.’

वहिनी, तुला वाटेल, एवढी शिकलेली बाई, हिला दुधाचं काय एवढं? पण दूध आणि मटण एकत्र आलं की अंगावर कोड फुटतं, हे मी बोलायला लागायच्या आधीपासून ऐकत आलेय. मटण खाल्लं त्या रात्री आई आम्हाला दुधाचा थेंब द्यायची नाही. शाळेत मी मुलांना शिकवलं की हे खरं नाही, विज्ञानात असं काही नाही. आणि मग घरी येऊन माझ्या पोरांना मटणानंतर दूध दिलं नाही! आता दादासाठी करायचं तर करायचं. स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली, शेजारच्या काकूंना दिसायला नको. देवाला म्हटलं, इकडे बघू नकोस. आणि घातला एकदाचा दुधातला पाव खिम्यात. रात्री अंघोळीच्या वेळी हातपाय नीट निरखून बघितले की नाही, ते विचारू नकोस.

आणि झाले काय सुरेख! तळहाताएवढे, वरून खरपूस, आतून मऊ. एकही फुटला नाही, कारण मी हात पाठीमागे बांधून उभी होते. मनात म्हटलं, आता बघू या दादा कसा ताटावरून उठतो.

दादानं एक घास खाल्ला. चावला. थांबला.

‘दूध घातलंस?’ त्यानं विचारलं.

‘हो. अस्सल जर्मन पद्धत आहे. गौरीनं सांगितली.’

‘ती घालत नव्हती.’

‘कोण?’

‘उर्सुला.’

तू गेल्यापासून त्यानं तुझं नाव घेतलं नव्हतं. मी हातातलं उलथनं खाली ठेवलं. म्हटलं, ‘मग काय घालायची ती?’ तर दादा खुर्चीवरून उठला आणि स्वयंपाकघरात गेला. तुझ्यामागं त्या दारातून तो फक्त पाणी प्यायला आत यायचा. त्यानं भाकरीचा डबा उघडला, वाकून आत बघितलं.

‘शिळी भाकरी आहे का?’

‘शिळी?’ मला तर अपमानच वाटला. ‘मी तुला एक दिवस तरी शिळं घातलंय का? तीन महिने तव्यावरून ताटात वाढतेय!’

‘हं,’ तो म्हणाला. ‘म्हणूनच.’

आणि मग तिथंच, स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून त्यानं सांगितलं. वहिनी, एवढी मोठी गोष्ट तू मला कधी सांगितली नाहीस! का गं?

‘गौरीच्या वेळी पोटुशी होती ती,’ दादा म्हणाला. ‘तिला घरच्यासारखे वडे खायचे होते. मागच्या ओट्यावर बसलेली. मी कांदा चिरत होतो. वाटीत दूध होतं, त्यात पाव. तेवढ्यात आई दारात आली.’

‘आई? मटणाच्या ओट्यावर?’

‘उंबऱ्याच्या आत उभी राहिली. वाटीकडे बघितलं. खिम्याकडे बघितलं. काही न बोलता आत गेली. मला वाटलं, झालं, आता ही आज जेवणार नाही. तर परत आली. हातात सकाळची बाजरीची भाकरी. आणि शैला, तिनं उंबरा ओलांडला. ओट्याच्या कडेला भाकरी ठेवली आणि म्हणाली, पोरी, दूध नको घालू, पोटातल्या लेकराला कोड निघल. हिचा कुस्करा कर, गरम पाण्यात भिजव, पिळून घे आन् घाल.’

‘मग?’

‘मग काय. आई नहाणीत गेली आणि भर संध्याकाळी डोक्यावरून पाणी घेतलं. उर्सुलानं वाटीतला पाव काढून टाकला आणि भाकरी कुस्करली. दर शनिवारी आई एक भाकरी बाजूला काढून ठेवायची. सांगायची नाही, नुसती ठेवायची.’

मी तिथंच पाटावर बसले. माझी आई, जी मटणाच्या पातेल्यावर सावली पडली तरी दूर व्हायची, ती उंबरा ओलांडून ओट्यावर आली होती! आणि आम्ही इतकी वर्षं ज्याला जर्मन वडे म्हणून नाकं मुरडली, रश्श्यात बुडवलं, ते निम्मे माझ्या आईच्या हातचे होते. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. आणि तुझा रागही आला, खोटं कशाला बोलू? तुझ्या आईच्या हातची चव तू सोडून दिलीस आणि आम्हाला पत्ताही लागू दिला नाहीस. आई गेल्यावर तरी दूध घालायचंस ना! कोण बघणार होतं?

हेच मी दादाला बोलले. तो म्हणाला, ‘मीही विचारलं होतं तिला. आई गेल्यावर म्हटलं, आता तुझ्या पद्धतीनं कर. तर म्हणाली, कशाला? आता माझी पद्धत हीच हाय.’

एवढं बोलून तो रडला. ओट्याची कड धरून, मान खाली घालून. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काही बोलले नाही. मी! काही बोलले नाही! तुला खरं वाटणार नाही.

मग त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, भाकरीचा डबा बंद केला आणि म्हणाला, ‘आज एक जास्तीची टाकून ठेव. उद्या करू.’

उद्या! वहिनी, उद्या म्हणाला तो!

मी गुपचूप पीठ मळायला घेतलं. तो उगाच विचार बदलेल म्हणून नजरही वर केली नाही. घाईघाईनं भाकरी थापली. कड फाटली, तरी तशीच टाकली. कुस्करायचीच तर होती.

दुसऱ्या दिवशी दादा स्वतः मंडईकडे गेला. येताना खिमा तर आणलाच, पण केसही कापून आला. दुपारी आम्ही मागच्या ओट्यावर बसलो. आता आई नाही, आत गॅसवर केलं असतं तरी चाललं असतं, पण दादा म्हणाला, ‘नाही, बाहेरच.’ तुझा जुना स्टोव्ह काही पेटला नाही, मग मी शेगडी आणि सिलिंडर ओढत बाहेर नेला. कंबर धरली ती धरलीच.

त्यानं कांदा चिरला, तुझ्यासारखा अगदी बारीक. भाकरी कुस्करली, गरम पाण्यात टाकली, दोन्ही हातांनी पिळली. मग उठून कुंडीतल्या ओव्याची पानं तोडून आणली. म्हटलं, हे काय आता? म्हणाला, ‘तिकडची पानं इथं मिळायची नाहीत, म्हणून ही.’ म्हणजे ती कुंडी त्यासाठी होती! मी आपली सर्दी झाली की त्या पानांचा काढा करत बसले. जायफळ घासायला त्यानं आईची सहाण घेतली. मी एकदा आल्या-लसणाकडे नुसतं बघितलं तर म्हणाला, ‘शैला.’ बस, एवढंच.

वडे खरपूस झाले. बाजरीचा तो भाजका वास आला आणि मला एकदम रविवारची सकाळ आठवली, एसटीतून उतरून मी दारात उभी आहे, आतून तू हाक मारतेस. इतकी वर्षं मला वाटायचं, हा वास जर्मनीचा आहे.

मी ताट घेतलं. दादानं निळ्या काठाचं भांडं काढलं, त्यात एकेक वडा रचला आणि झाकण घातलं.

‘अरे, एक तरी खा गरम!’

‘आज नाही. उद्या सकाळी.’

पुन्हा उद्या! मी दुधाचं पातेलं खालच्या फळीवर ढकललं आणि मधली जागा मोकळी करून दिली.

आणि आज सकाळी, मी चहा घेऊन त्याच्या खोलीत गेले तर खोली रिकामी. धावत स्वयंपाकघरात आले, तर हा माणूस टेबलाशी बसलेला, समोर भांडं, लोणच्याची बरणी आणि दोन बशा. दोन! ‘बस,’ म्हणाला. ‘चहा आण आणि बस.’

दोन खाल्ले त्यानं. वर सांगितलं, मीठ किंचित कमी आहे. तिसऱ्याकडे बघत राहिला आणि मग तो माझ्या बशीत ठेवला. मी सवयीनं उठले, तवा घ्यायला. त्यानं नुसती मान हलवली. मग काय करते? बसले परत. खाराचं बोट लावलं आणि खाल्ला, तसाच, गार.

वहिनी, चांगला लागतो गं. गरम असताना कांदा कांदा लागतो, भाकरी भाकरी लागते. रात्रभर राहिला की सगळं एक होतं. तू कितीदा सांगितलंस आणि मी कितीदा तवा तापवला! एकदा तरी जोरानं हात धरून बसवायचंस ना मला. तुझा एवढाच दोष, कुणाला जोर करायची नाहीस.

उठताना दादानं कॅलेंडरची मागे पडलेली पानं उलटून टाकली. मी बशा धुवायला घेतल्या आणि नळाचा आवाज मोठा ठेवला.

तुझं वर्षश्राद्ध येईल. गुरुजी सांगतील तसं सगळं रीतीप्रमाणे, ताजं आणि गरम वाढू. आईचा मान ठेवलास तू, तिची रीत मी मोडायची नाही. पण रविवारची सकाळ तुझी. गौरी येईल तेव्हा तिलाही ओट्यावर बसवीन. मसुराचे तर मसुराचे, पण भाकरी आजीची असेल, आणि पाव-दूध आणायचं नाही असं बजावीन.

आणि तुला वचन देते ते एवढंच. आता मी भाकरीचा डबा रिकामा ठेवायची नाही. रोज रात्री एक भाकरी जास्तीची थापीन. कालही थापली. दादानं विचारलं, ‘ही कुणाची?’

मी म्हटलं, ‘उद्याची.’

तुझी,
आता गार वडा खाणारी नणंद,
शैला